बातमीची विद्या शिकावी काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले कीं आमच्या शाळेच्या ओसरीवर पालकांची ये-जा सुरू होते. मुलें शाळेंतून बाहेर पडून दोन वर्षें झालीं असलीं, तरी पुढें काय शिकवावें हें विचारावयास आईबाप जुन्या शिक्षकांकडेच येतात. ही गोष्ट आम्हां शिक्षकांस जितकी भूषणावह, तितकीच जबाबदारीची आहे. भोर शहरांतील दुकानदार असोत, नसरापुराकडील बागाईतदार असोत, किंवा वेल्ह्याच्या डोंगरांतून पहिल्या एस. टी. नें आलेले भातशेतीवाले असोत, त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. परिचारिकेचा अभ्यासक्रम बरा कीं अध्यापनाचा? पोलीसभरतीची तयारी करावी कीं आय. टी. आय. ला घालावें? ह्या प्रश्नांचीं उत्तरें आम्हांसही पाठ झालेलीं आहेत. यंदा मात्र एक प्रश्न असा आला कीं, ज्याचें उत्तर मजजवळ तयार नव्हतें.

ज्या तालुक्यास राजगड हें नांव मिळालें, त्या जुन्या वेल्हें तालुक्यांतील एक बाई आपल्या मुलीस घेऊन आल्या. मुलगी आमचीच विद्यार्थिनी. यंदा बारावी झाली. बाई म्हणाल्या, “सर, ही म्हणती मीडियाची डिग्री करायची. म्हंजी टी. व्ही. त दिसायचं का? त्यावर पोट भरंल का? पुण्यात एकलीनं ऱ्हायचं कसं? आन् त्या धंद्यातली माणसं खरं बोलत्यात का?”

त्या माउलीनें एका दमांत चार प्रश्न विचारले. ‘बाई, त्यापेक्षां तिला बी. कॉम. ला घाला,’ हें वाक्य माझ्या अगदीं ओठांवर आलें होतें. पण मीं जीभ आवरली. कारण त्या मुलीचें माझ्याकडे एक जुनें देणें होतें, आणि तें फेडल्यावांचून तिला सल्ला देण्याचा मला अधिकार नव्हता.

गोष्ट २०१८ च्या पावसाळ्याच्या आरंभींची आहे. मुलें पळविणारी टोळी गांवोगांव फिरत आहे, असे संदेश त्या दिवसांत महाराष्ट्रभर मोबाईलवरून धांवत होते. तसाच एक संदेश रात्रीं मजकडे आला. शिक्षक या नात्यानें पालकांस सावध करणें हें आपलें कर्तव्यच आहे, असें समजून मीं तो वाचला न वाचला तोंच पालकांच्या व्हॉट्सॲप समूहावर पाठवून दिला. दुसऱ्या दिवशीं पांचवीच्या वर्गांतही सांगितलें, “अनोळखी माणूस दिसला तर पळत घरीं जा.” तेव्हां मागच्या बांकावरील ही मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, कुणाचं मूल नेलं? त्याचं नांव काय?” मजजवळ उत्तर नव्हतें. मीं तिला खालीं बसविलें, आणि तेंही जरा रागानेंच.

१ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं पांच माणसें जमावानें मुलें पळविणारे समजून ठार मारलीं. तीं भिक्षा मागून पोट भरणारीं माणसें होतीं. त्यांनीं कोणाचेंही मूल नेलें नव्हतें. माझ्या संदेशानें राईनपाड्यास कांहीं घडलें असें नव्हे. पण ज्या साखळीनें तें घडविलें, तिची एक कडी माझ्याही हातांतून पुढें गेली होती. मी पदवीधर, वीस वर्षें मुलांना खरें बोलावयास शिकविणारा; आणि दहा वर्षांच्या मुलीला सुचलेला प्रश्न मला सुचूं नये! त्या दिवसापासून मला वाटूं लागलें कीं, बातमी ही केवळ वाचावयाची वस्तु नसून शिकावयाची विद्या आहे.

आतां ही विद्या म्हणजे काय, हें पालकांनीं आधीं समजून घेतलें पाहिजे. तिचा इतिहास आपल्याच प्रांतांतला आहे. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईत ‘दर्पण’ काढलें. एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी, असा तो पत्राचा थाट होता. जांभेकर हे त्या वेळीं विशीच्या आसपासचे तरुण होते, आणि पेशानें तेही शिक्षकच. १८४२ मध्यें अहमदनगरच्या अमेरिकन मिशननें ‘ज्ञानोदय’ सुरू केला. १८७७ मध्यें कृष्णराव भालेकरांनीं पुण्यास ‘दीनबंधु’ काढून, ज्यांचा आवाज कोणी ऐकत नसे अशा शेतकरी-कष्टकऱ्यांस बोलतें केलें. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायका’नें तेंच कार्य अधिक धारदारपणें हातीं घेतलें. ह्यांपैकीं कोणापाशींही वृत्तपत्रविद्येची पदवी नव्हती. कारण तशी पदवीच येथें नव्हती. ते करतां करतां शिकले, आणि शिकतांना त्यांना किंमतही मोजावी लागली.

ह्या किंमतीचें एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवावें. ‘केसरी’ १८८१ सालीं निघाला. त्याच सुमारास कोल्हापूरच्या छत्रपतींच्या होत असलेल्या छळाविषयीं टिळक-आगरकरांचीं मनें संतापलेलीं होतीं. त्या संतापांत संस्थानच्या कारभाऱ्यांवर ठपका ठेवणारीं कांहीं पत्रें ‘केसरी’ व ‘मराठा’ पत्रांत प्रसिद्ध झालीं; पुढें तीं पत्रें बनावट ठरलीं. संपादकांचा हेतु शुद्ध होता, पण कागद खोटा होता. १८८२ मध्यें त्या दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. अशा थोर पुरुषांचीही जेथें फसगत झाली, तेथें हातांत मोबाईल आला म्हणून आपण सर्व वार्ताहर झालों असें समजणें केवढें धाडसाचें आहे!

करतां करतां शिकण्याची ही रीत पुरेशी नाहीं, हें पुढें जगास पटूं लागलें. अमेरिकेंत मिसुरी विद्यापीठानें १९०८ मध्यें वृत्तपत्रविद्येची स्वतंत्र शाळा काढली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १९१२ मध्यें तसेच वर्ग निघाले. त्याच कोलंबिया विद्यापीठांतून डॉक्टर होऊन आलेल्या नानासाहेब परुळेकरांनीं १ जानेवारी १९३२ रोजीं पुण्यास ‘सकाळ’ सुरू केला. लाहोरच्या पंजाब विद्यापीठांत १९४१ सालीं हा विषय शिकविला जाऊं लागला. पुण्यास फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्यें १९६४ पासून विद्यापीठाचे वर्ग आहेत. पण ते बहुतांशीं एक पदवी घेऊन येणाऱ्यांसाठीं. बारावीनंतर लागलीच माध्यमांचा अभ्यास करण्याची सोय मुंबई विद्यापीठानें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं केली. प्रथम तो अभ्यासक्रम बी. एम. एम. म्हणून ओळखला जाई, पुढें त्यास बी. ए. च्या पदवींत घेण्यांत आलें. आतां पुण्यांतही अशा पदव्या देणारीं अनेक महाविद्यालयें आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन वर्षांवर थांबावें कीं चौथें वर्ष करावें, ही निवडही विद्यार्थ्यांवर सोंपविली आहे.

ह्या तीन-चार वर्षांत काय शिकवितात? ‘टी. व्ही. त दिसणें’ हा त्यांतील अगदीं लहान भाग आहे. बातमी कशी मिळवावी, मिळालेली कशी पारखावी, दोन परस्परविरुद्ध साक्षी आल्या तर काय करावें, हा पहिला पाठ. राज्यघटना, अब्रुनुकसानीचा कायदा, न्यायालयाचा अवमान, २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा, हा दुसरा. अत्याचारास बळी पडलेल्या मुलाचें नांव व छायाचित्र छापावयाचें नसतें, हें ज्ञान ज्याला नाहीं त्यानें लेखणी हातीं धरूं नये. ह्याशिवाय ध्वनिमुद्रण, छायाचित्रण, चित्रफितीचें संकलन, भाषांतर, जाहिरात, चित्रपटाचा इतिहास, हेही विषय असतात. चित्रपटाच्या अभ्यासास पुण्यासारखें दुसरें शहर नाहीं. ज्या आवारांत प्रभातचे चित्रपट तयार झाले, तेथेंच १९६० पासून सरकारी चित्रपट संस्था आहे, आणि जुने चित्रपट जतन करणारें राष्ट्रीय संग्रहालय १९६४ पासून पुण्यांत आहे.

आतां त्या बाईंच्या प्रश्नांकडे वळूं. पहिला प्रश्न पोटाचा. येथें गोड बोलून पालकांस फसविणें हें पाप होईल. तालुक्याचा वार्ताहर बहुधा तुटपुंज्या मानधनावर काम करितो, आणि पुष्कळदां बातमीबरोबर जाहिरातीही त्यालाच गोळा कराव्या लागतात. छापील पत्रांतील नोकऱ्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहींत. नवशिक्यास पहिलीं दोन-तीन वर्षें ओढाताणीचीं जातात. ज्या घरांत मुलाच्या पहिल्या पगारावर कर्जाचा हप्ता अवलंबून आहे, त्या घरानें हा मार्ग धरण्यापूर्वीं दहादां विचार करावा. परंतु ह्या विद्येचें क्षेत्र वर्तमानपत्रापुरतें राहिलेलें नाहीं, हेंही तितकेंच खरें. आकाशवाणी, प्रकाशनसंस्था, शासनाचें माहिती खातें, रुग्णालयें व सेवाभावी संस्था, भाषांतर, चित्रपट व मालिका ह्या सर्वांस नेटकें लिहिणारीं व नेटकें बोलणारीं माणसें लागतात. जो मराठी शुद्ध लिहितो आणि इंग्रजी समजून तिचें मराठी करितो, असा पदवीधर रिकामा राहत नाहीं, हा माझा जुन्या विद्यार्थ्यांवरून अनुभव आहे. त्यांतील एकच भाषा येणारा मात्र चांचपडतो.

दुसरा प्रश्न पुण्याचा आणि खर्चाचा. सरकारी अनुदान असलेलें महाविद्यालय आणि खासगी विद्यापीठ यांच्या शुल्कांत जमीनअस्मानाचें अंतर असतें, आणि अधिक शुल्क म्हणजे अधिक शिक्षण असें समीकरण नाहीं. कित्येक ठिकाणीं पालकांस चकचकीत स्टुडिओ दाखवितात. पालकही दिपून जातात. त्यांनीं दिपून न जातां चार गोष्टी विचाराव्या. विद्यार्थ्याच्या हातीं तो कॅमेरा आठवड्यांतून किती तास येतो? शिकविणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं स्वतः हें काम केलें आहे? विद्यार्थी चालवितात असें नियतकालिक किंवा रेडिओ आहे काय? आणि गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेलीं मुलें आज कोठें आहेत? चौथ्या प्रश्नास जेथें टाळाटाळ होईल, तेथून उठून यावें. वसतिगृहाची चौकशी, प्रवेशाची मुदत आणि शिष्यवृत्तीचीं कागदपत्रें हीं कामें निकालाची वाट न पाहतां आधींच उरकावींत. जातीचा व उत्पन्नाचा दाखला मिळण्यास लागलेल्या विलंबामुळें हुशार मुलांची जागा हुकलेली मीं पाहिली आहे.

मुलीची जात, परगांवीं कशी राहील, ही भीति स्वाभाविक आहे. तिला उत्तर म्हणून मी चित्रकूटचें उदाहरण देतों. उत्तर प्रदेशांतील त्या मागासलेल्या मुलुखांत २००२ सालीं खेड्यांतील स्त्रियांनीं ‘खबर लहरिया’ नांवाचें पत्र स्वतः लिहून, छापून, विकावयास आरंभ केला. त्यांत अनेक दलित स्त्रिया होत्या, आणि कित्येकींचें शिक्षण अगदींच थोडें होतें. पुढें त्यांनीं कागद सोडून मोबाईल हातीं घेतला. त्यांच्यावर निघालेला माहितीपट ऑस्करच्या अंतिम नामांकनांत पोहोंचला. मग ‘पदवी कशाला पाहिजे?’ असें कोणी विचारील. पदवीवांचूनही हें काम होतें, हें मी मान्य करितों. पण त्या स्त्रियांच्या मागें शिकविणारी व पाठ राखणारी एक संघटना होती. वेल्ह्याच्या मुलीस शहरांत ओळखीचें कोणी नाहीं. तिला पदवी म्हणजे दार आहे: तेथें गुरु मिळतात, सोबती मिळतात, आणि चूक करून ती सुधारण्यास तीन वर्षांचा अवधि मिळतो. वर्गांतील चुकीनें कोणाचा जीव जात नाहीं. रस्त्यावरील चुकीनें जातो.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण: त्या धंद्यांतलीं माणसें खरें बोलतात का? कांहीं बोलतात, कांहीं बोलत नाहींत. परंतु ह्याच कारणास्तव आपलीं मुलें तेथें जाऊं नयेत, असें म्हणणें म्हणजे विहीर गढूळ झाली म्हणून ती न उपसतां सोडून देणें होय. आणि ह्या विहिरीचें पाणी आपणही रोज पितोंच.

आमच्या भोर-वेल्ह्याची स्थिति पाहा. शहरांतील माध्यमांस आमची आठवण केव्हां होते? राजगड-तोरण्यावर कोणी गिर्यारोहक वाट चुकला तेव्हां. पावसाळ्यांत पर्यटकांची झुंबड उडाली तेव्हां. भोरच्या राजवाड्यांत चित्रपटाचें चित्रण असलें तेव्हां. आणि उन्हाळ्यांत भाटघरचें पाणी ओसरून कांबरेश्वराचें बुडालेलें देऊळ वर आलें तेव्हां. देवळाचें छायाचित्र सुंदर असतें. पण त्याच पाण्याखालीं ज्यांचीं घरें व खाचरें गेलीं, त्यांच्या नातवंडांस कोणी दोन प्रश्न विचारीत नाहीं. पानशेत-वरसगांवचें धरण किती टक्के भरलें हें पावसाळ्यांत दररोज छापून येतें, कारण तें पाणी पुण्यास प्यावयाचें असतें. परंतु सायंकाळची एस. टी. बंद झाल्यामुळें दहावीनंतर किती मुलींचें शिक्षण सुटतें, ह्याचे टक्के कोणी छापीत नाहीं. हा दुष्टपणा आहे असें मी म्हणत नाहीं. विचारणारा माणूस जेथून येतो, तेथलेच प्रश्न त्याला सुचतात. आमच्यांतलें कोणी तेथें बसल्यावांचून आमचे प्रश्न कोणास सुचावे?

शिवाय डोंगरांतील वार्ता ही केवळ डोंगराची नसते. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं ह्याच तालुक्यांतील पानशेतचें धरण फुटलें, त्याच दिवशीं खडकवासल्याचेंही गेलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्यांत बुडाल्या. वर काय घडत आहे हें खालीं वेळेवर आणि खात्रीनें कळणें म्हणजे काय, हें त्या दिवशींच्या पुणेकरांस कोणीं समजावून सांगण्याची गरज नव्हती. अफवा वाऱ्यानें जाते. खरी बातमी कोणाला तरी पायीं न्यावी लागते.

आतां दोन शब्द विद्यार्थी मित्रांस. पडद्यावर आपला चेहरा दिसावा एवढ्याच हौसेनें तुम्ही ह्या अभ्यासाकडे जाणार असाल, तर जाऊं नका. ती हौस सहा महिन्यांत फिटते आणि शुल्क मात्र तीन वर्षें भरावें लागतें. जावयाचें असेल तर आजपासून तीन संवयी लावून घ्या. रोज एक पान मराठी व एक पान इंग्रजी मन लावून वाचा. शेती, कायदा, आरोग्य, अर्थशास्त्र ह्यांपैकीं एखादा तरी विषय खोल शिका, कारण ज्याला कशांतलेंच कांहीं ठाऊक नाहीं त्याला विचारावें काय हेंही समजत नाहीं. आणि कोणतीही वार्ता कानीं आली कीं विचारा: हें कोणीं पाहिलें? हल्लीं यंत्रें क्षणांत निबंध लिहून देतात, नसलेल्या माणसाचें छायाचित्रही तयार करितात. पण यंत्र मढे घाटाच्या माथ्यावरील वाडीवर चालत जाऊन एखाद्या म्हातारीशेजारीं बसत नाहीं, आणि ती बोलावयास तयार होईपर्यंत थांबत नाहीं. तें काम अजून माणसाचेंच आहे.

ह्या वर्षापासून शाळेच्या भित्तिपत्रकांत एक नियम करावा, अशी माझी मुख्याध्यापकांस विनंति आहे. प्रत्येक बातमीखालीं ती पाहणाऱ्याचें नांव असावें, आणि खालच्या कोपऱ्यांत ‘आमची चूक’ म्हणून एक चौकट कायमची राखावी. त्या चौकटींतील पहिला मजकूर मी देईन. तो २०१८ सालचा असेल.

हें सर्व मीं त्या बाईंस सांगितलें. माझ्या संदेशाची कथाही सांगितली, आणि मुलीची तिच्या आईसमक्ष क्षमा मागितली. मुलगी खालीं पाहूं लागली. बाई मात्र बराच वेळ गप्प बसून म्हणाल्या, “आन् हिला कुणी खोटं लिवाया लावलं तर?”

मी उत्तर शोधीत होतों. तेवढ्यांत त्यांनींच तें दिलें, “मग घरला यायचं. भात लावाया हात लागत्यातच.”

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिघांनीं मिळून प्रवेशाचा अर्ज भरला.